अकरा खुणा

मला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं तेव्हा माझे दोन्ही पाय बर्फाच्या बादलीत होते. बास्केटबॉलच्या सरावानंतर मी रोज पंधरा मिनिटं अशी बसते, कारण माझ्या घोट्यांनी माझं ऐकणं केव्हाच सोडलंय. मॅनेजरबाई आल्या आणि बादलीकडे बघत म्हणाल्या, "त्यांना चेंडू पुढे नेणारी हवीय, आपल्याला लांबून नेम मारणारी. अदलाबदल झालीय. उद्या सकाळची गाडी आहे." मग आणखी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाल्या, "पाणी फार गार नाही ना?"

बर्फाचं पाणी, आणि म्हणे गार नाही ना! मी म्हटलं, "नाही, ठीक आहे." आठ वर्षांचा संसार या वाक्यावर संपला. चिडायचं कोणावर तेच कळेना. मॅनेजरबाई नुसता निरोप सांगणार, मालक कधी दिसत नाहीत, आणि ज्यांच्यावर चिडावं अशा एकच, त्या आमच्या कोचबाई, दारात उभ्या होत्या आणि त्यांचं नाक लाल झालं होतं. "मला कोणी विचारलं नाही गं," त्या म्हणाल्या. म्हणजे तोही रस्ता बंद.

आईला फोन केला. आई म्हणाली, "बदली? मग बढती पण असेल."

"बदली नाही आई, अदलाबदल. मला देऊन दुसरी घेतली."

"अशी कशी देतात? तू काय सोफा आहेस का?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि ती दुसरी? चांगली आहे का खेळायला?"

चांगली होती. तेवढं मी सांगितलं नाही.

मला टीममध्ये सगळ्या मास्तरीण म्हणायच्या. चेंडू घेऊन पुढे यायचं आणि चौघींनी कुठे पळायचं ते ओरडून सांगायचं, हे माझं काम. त्यासाठी खुणा असतात. कोचबाई बाकाजवळून हाताने खूण करणार, मी त्या चालीचं नाव ओरडणार. आमच्या अकरा खुणा होत्या आणि बहुतेक नावं मीच ठेवलेली: दार, चादर, साखळी, असली. सगळ्यांची लाडकी चाल म्हणजे 'आत्या'. घरी आत्या आली की सगळे एका खोलीत गोळा होतात, नुसता कलकलाट, आणि बाकीच्या घरात चिटपाखरू नसतं. तसंच आम्ही चौघी डाव्या बाजूला गर्दी करायचो, समोरच्या टीमच्या मुली आमच्यामागे यायच्या, आणि आमची जिराफ हळूच उजवीकडून बास्केटखाली पोचायची. जिराफ म्हणजे आमच्यात सगळ्यात उंच. तिला पास वरूनच येणार असं सगळे धरून चालतात. मी तो जमिनीवरून, एक टप्पा देऊन द्यायचे. खूण होती डावा कान ओढणं.

जिराफ आठ वर्षं माझ्या खोलीत राहिली. निघताना तिने माझी बॅग गाडीपर्यंत आणली आणि मागे फिरली. गाडी सुटल्यावर मात्र खिडकीबरोबर अर्धा रस्ता धावत आली. बाकीचे प्रवासी माझ्याकडे असं बघत होते, की मीच काहीतरी केलंय.

नवी टीम वाईट नव्हती, हे आणखी त्रासाचं. मुली चांगल्या, खोली चांगली, कपडे इस्त्री करून मिळायचे. पण माझं डोकं गाडीतच राहिलेलं. पहिल्या सरावात मी दोनदा 'साखळी' ओरडले आणि चौघीही माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. इथे नावं नव्हती, आकडे होते. चार, सात, बारा. आकडे ओरडताना मला उगाच कोणाची तरी हजेरी घेतल्यासारखं वाटायचं. पहिल्या सामन्यात मध्यंतराला मी आपली चालत चालत भलत्याच बाकावर जाऊन बसले आणि तिथल्या मुलीने मला पाणीही दिलं. ती तरी काय करणार, मला बघून तीही गोंधळली.

नव्या कोचना सगळे सर म्हणत. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी मला एकदा त्यांच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर उरलेले सामने. शेवटचा सामना माझ्या जुन्या टीमशी होता आणि हिशोब असा बसत होता, की तो जो जिंकेल तो शेवटच्या आठांत, हरेल तो घरी.

"आठ वर्षं त्यांच्या चाली तूच बोलवायचीस," सर म्हणाले. "खुणा सांग."

मी फळ्यावरचे सामने मोजायला लागले.

"तुझा करार या हंगामापुरता आहे," ते म्हणाले. आवाजात धमकी नव्हती. "पुढच्या वर्षी तू मला हवी आहेस. पण वरच्यांना मला काहीतरी दाखवावं लागेल. चौतिसाव्या वर्षी नुसतं चांगलं खेळणं पुरत नाही."

मी म्हटलं, उद्या सांगते. आणि रात्रभर घोरत पडले, कारण विचार करायचा म्हटलं की मला झोप येते. सकाळी चहा पिताना मात्र एक गोष्ट सुचली. खेळाडू दुसऱ्या टीमला गेली, की तिच्या खुणा त्याच दिवशी बदलतात. सगळीकडे बदलतात, त्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नसतं. घर सोडून कोणी गेलं की कुलूप बदलावं तसं. आमच्याकडून एक मुलगी गेली होती, तेव्हा कोचबाईंनी आम्हाला संध्याकाळी जमिनीवर बसवून अकराच्या अकरा खुणा नव्याने पाठ करून घेतल्या होत्या. म्हणजे माझ्या डोक्यात जे आहे ते आता रद्दी आहे. रद्दी द्यायला काय हरकत आहे? सरांचं समाधान, माझं पुढचं वर्ष, आणि नुकसान कोणाचंच नाही.

मी सगळं सांगितलं. सरांनी लिहून घेतलं, मुलींकडून घोटून घेतलं. 'आत्या' समजावताना सगळ्या हसल्या, आणि ते हसणं मला आवडलं नाही. का, ते कळलं नाही. रद्दीच तर होती. पण त्या दिवसापासून मला जिराफच्या मेसेजना उत्तर देता येईना. ती रोज काहीतरी पाठवायची: नव्या मुलीने साबण कुठे ठेवला, नवी मुलगी झोपेत काय बोलते. मी नुसता अंगठा पाठवायचे.

शेवटचा सामना दुपारी होता. हॉल भरलेला. ओळखीचे चेहरे चुकीच्या बाजूला, आणि मी त्याहून चुकीच्या बाजूला. जिराफने लांबून दोन्ही हात हलवले. मी बुटाची नाडी बांधायला घेतली, ती आधीच बांधलेली होती.

त्यांची पहिलीच चढाई. माझ्या जागी गेलेली मुलगी चेंडू घेऊन आली, बाकाकडे पाहिलं. कोचबाईंनी डावा कान ओढला.

"आत्या!" ती ओरडली.

तीच खूण, तेच नाव. माझ्या दोन मुली शिकवल्याप्रमाणे उजवीकडे धावल्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हे आमिष आहे. कोचबाईंना पक्कं माहीत आहे मी बोलणार, म्हणून जुनंच नाव ठेवून आतली चाल बदललीय. आपण उजवीकडे धावलो, की डावीकडून मार खाऊ. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "मागे! मागे या!" दोघी मागे फिरल्या. जिराफ उजवीकडून शांतपणे आली, टप्पा घेतलेला चेंडू उचलला आणि बास्केटमध्ये टाकला.

बरं, एकदा असेल. पुढच्या वेळी 'दार'. तेही तसंच. मग 'चादर'. तसंच. प्रत्येक वेळी मला वाटे, आता उलटणार, आता उलटणार. ते काही उलटेना. आपल्याच घराचं कुलूप, किल्ली आपल्या हातात, आणि ती लागतेय यावर विश्वासच बसू नये, अशी माझी अवस्था. मी मुलींना कधी जा म्हणे, कधी थांबा म्हणे. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे होतो.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "खुणा खऱ्या सांगितल्यास का?"

"खऱ्या."

"बदलल्यात त्यांनी?"

"नाही."

"मग मुलींना थांबवत का होतीस?"

"बदलल्या असतील असं वाटलं."

"पण बदललेल्या नाहीत."

"नाहीत."

"मग?"

"माहीत नाही सर."

त्यांना काय वाटत होतं ते स्पष्ट दिसत होतं: बाई जुन्या मैत्रिणींना सांभाळतेय. त्यांची तरी काय चूक? मी त्यांच्या जागी असते तर मला बसवलंच असतं. ते एवढंच म्हणाले, "आता कोणाला थांबवू नकोस. बाकावर बस." सामन्याच्या तिसऱ्या भागापासून मी बाकावर होते. मुली मात्र खुणा बघून धावत होत्या आणि चेंडू काढून घेत होत्या. एकामागून एक. माझी अकरा नावं माझ्या डोळ्यांदेखत पकडली जात होती आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बदला ना! अजून का बदलत नाही? कोणाला सांगावंसं वाटत होतं, तेही कळत नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला आमची एक मुलगी पाय मुरगळून बसली आणि सरांना मला आत पाठवावं लागलं. आम्ही एका गुणाने पुढे. आठ सेकंद. चेंडू त्यांचा. नव्या मुलीने बाकाकडे पाहिलं आणि कोचबाईंनी डावा कान ओढला.

विचार करायला वेळ असता तर मी पुन्हा घोळ घातला असता. चौघी डावीकडे गोळा झाल्या, माझ्या मुली आपापल्या खेळाडूमागे अडकल्या. मी एकटी उलटी वळले आणि रिकाम्या जागेकडे धावले. खाली वाकून हात घातला. टप्पा घेतलेला चेंडू सरळ माझ्या पंजात आला, आठ वर्षं ज्या उंचीवर मी तो दिला होता त्याच उंचीवर. मी तो छातीशी धरून उभी राहिले. भोंगा वाजला.

अंगावर मुली कोसळल्या. सरांनी खांद्यावर थोपटलं, म्हणाले, "पुढच्या वर्षीचं मी बघतो." जे हवं होतं ते मिळालं होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि मी आपली तो शोधत उभी.

मग हात मिळवायची रांग. जिराफने हात मिळवलाच नाही, सरळ मिठी मारली. तिचे डोळे सुजले होते. त्यांचा हंगाम माझ्या पंजात संपला होता.

"खुणा का नाही बदलल्यात?" मी तिच्या खांद्यात तोंड घालून विचारलं. आवाज चिडका निघाला. "कोणी तरी असं करतं का?"

"कोचबाई बदलणार होत्या," ती म्हणाली. "तू गेलीस त्याच संध्याकाळी नवा कागद घेऊन आल्या. मी म्हटलं, बदलल्या तर त्याचा अर्थ काय होतो? आपली मास्तरीण जाऊन सांगेल असा. मी नाही पाठ करणार. मग सगळ्याच म्हणाल्या नाही करणार. हात वर करून ठरवलं आम्ही."

मी मिठी सोडली.

"आज मध्येच मला जरा शंका आली हं," ती नाक पुसत म्हणाली. "तुमच्या मुली बरोबर तिथेच यायच्या. पण मग म्हटलं, टीव्हीवर बघून बघून कळत असेल. आणि शेवटचा तर तू अंदाजानेच धरलास ना? मी कुठे असणार ते तुला नाही कळणार तर कोणाला कळणार?"

उत्तर तिनेच हातात आणून दिलं होतं. मी म्हटलं, "हो. अंदाजाने."

"बघा!" ती मागे वळून हॉलभर ओरडली. "मी म्हटलं होतं की नाही! नाही सांगितलं तिने!" आणि रांगेतल्या सगळ्याजणी, हरलेल्या, घामाने निथळणाऱ्या, माझ्याकडे बघून हसल्या. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी पण हसले.

रांगेच्या शेवटी कोचबाई होत्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्याच चढाईला तुमच्या दोघी खूण बघून निघाल्या होत्या. तू ओरडून त्यांना मागे बोलावलंस. का बोलावलंस?"

"मला वाटलं तुम्ही बदलल्या असतील," मी म्हटलं. "म्हणूनच सांगितल्या होत्या मी. बदलल्याच असतील म्हणून."

त्यांनी हात सोडला नाही.

"पोरींना सांगू नकोस," त्या शेवटी म्हणाल्या. "हरल्यात, ते निस्तरतील. हे नको." आणि कागद गोळा करायला निघून गेल्या.

जिराफ धावत आली. "काय म्हणाल्या गं बाई?"

"छान खेळलीस म्हणाल्या."

"मग! छानच खेळलीस," ती म्हणाली, आणि माझी बॅग उचलून माझ्या गाडीकडे चालू लागली.