टून का थांबला

माझी जीभ फटकळ आहे आणि अगदी परवापरवापर्यंत मला तिचा अभिमान होता. पुण्यात सासूबाई म्हणायच्या, "मंजूषा, जरा दमानं घे." मी काही घेतलं नाही. पुढे नवऱ्याच्या, आशुतोषच्या, नोकरीमागे डिपेंडंट म्हणून नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आले, तर डच शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की इथे मनातलं तोंडावर बोलायचं, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. मला वाटलं, चला, शेवटी आपल्या माणसांत पोचलो.

टूनच्या फॅन क्लबात मला शेजारणीनं, रीतनं, नेलं. टून म्हणजे आमच्या भागातला कंट्री गायक. काउबॉय हॅट, गिटार, पायात टोकदार बूट, आणि गाणी मात्र इथल्याच गाईंची, दुधाच्या टँकरची, पावसात सायकल हाणणाऱ्या मुलींची. शब्द सोपे, चाल संथ. मी निम्मी डच त्याच्या गाण्यांवर शिकले. माझा डब्यांचा व्यवसाय सुरू झाला तेव्हा पहिली गिऱ्हाइकंसुद्धा याच क्लबातली. आशुतोषची ऑफिसातली मंडळी असतात, लेकीची, जुईची, शाळा असते. क्लब तेवढा माझा एकटीचा.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही पंधराजण कॅफेच्या मागच्या खोलीत जमलो. टूननं गाणं सोडलं त्याला तीन वर्षं झाली, म्हणून अध्यक्ष विम एक पुस्तिका काढतोय. टूनची सर्वोत्तम दहा गाणी, त्याची कारकीर्द, आणि शेवटच्या पानावर 'टून का थांबला' या प्रश्नावर प्रत्येकाचं एकेक वाक्य. तो प्रश्न ऐकून मी कॉफीचा कप खाली ठेवला.

आधी गाण्यांवरून जुंपली. 'दुधाचा टँकर' पहिलं, की 'बाबांचे रबरी बूट'? एका आजोबांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, की 'टँकर' रेडिओवर लागलं त्या दिवशी त्यांनी खरोखरचा टँकर रस्त्याकडेला थांबवून ते ऐकलं होतं. मग पेट्रोल पंपावरच्या नोकरीपासून भरलेल्या स्टेडियमपर्यंतची टूनची सगळी वाटचाल दहाव्यांदा उगाळून झाली. 'फाटक उघडं ठेव' हे सर्वांत अवघड गाणं, त्याचा वरचा सूर दुसऱ्या कुणाला जमायचा नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

मी मान खाली घालून प्लेटमधला चेरीचा केक चिवडत होते.

त्याच सुरावरून झालं होतं ते. तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात कार्यक्रम संपल्यावर टून सह्या देत बसला होता. माझा नंबर आला तेव्हा मी सकाळपासून घोकलेलं वाक्य त्याला ऐकवलं. 'फाटक'चा वरचा सूर तुम्हाला आता लागत नाही, ऐकवत नाही, तुम्ही थांबायला हवं. डचमध्ये, एकही चूक न करता बोलले. टूननं माझ्याकडे बघितलं, "धन्यवाद" म्हणाला, सही केली आणि पेनाचं टोपण लावलं. रांगेत अजून लोक होते. त्यांना त्यानं सह्या दिल्याच नाहीत.

घरी आशुतोषला रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "तू त्याला हे तोंडावर म्हणालीस? सीरियसली, मंजू?" मी म्हटलं, "इथे चालतं."

तीन आठवड्यांनी क्लबाला टूनचं पत्र आलं, की तो यापुढे गाणार नाही.

तेव्हापासून मला रीतच्या स्वयंपाकघरात मान वर करायची चोरी झाली आहे. नवरा गेल्यावर रीत घराबाहेर पडायची ती टूनच्या कार्यक्रमांना. वर्षात सहा तारखा, भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेनानं गोल केलेल्या. आता ते कॅलेंडर कोरं असतं. मी डबा देते, ती कॉफी देते, आणि मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते. तीन वर्षांत मी तिच्याकडे एकदाही कॅलेंडरासमोर बसलेली नाही.

विमनं वही उघडली. "आता शेवटचं पान," तो म्हणाला. कुणी म्हणालं, मॅनेजरशी भांडण. कुणी म्हणालं, बायकोचं आजारपण. टँकरवाल्या आजोबांना खात्री होती, की टून गुपचूप नवीन गाणी लिहितोय आणि एक दिवस परत येणार. माझी पाळी जवळ येत होती. आज सांगून टाकायचंच, मी ठरवलं. काढा मला क्लबातून. मी रीतच्या कानाशी वाकले.

"रीत, टून माझ्यामुळे थांबला. सह्यांच्या वेळी मी त्याला..."

"ठाऊक आहे," रीत म्हणाली. "मी तुझ्या मागेच उभी होते."

"तीन वर्षं? मग बोलली का नाहीस मला?"

"तू मागे वळलीस तेव्हा तुझा चेहरा फुलला होता. डचमध्ये एवढं लांब पहिल्यांदाच बोलली होतीस." तिनं कॉफी ढवळली. "तुझा आनंद कशाला घालवायचा?"

"पण त्याचा सूर खरंच लागत नव्हता गं."

"पाच वर्षं लागत नव्हता. या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. आम्ही तरी जायचो."

मला रडू फुटेल असं वाटलं. मी खुर्ची मागे सारली. "मी सांगते सगळ्यांना. आत्ताच."

रीतनं माझं मनगट दुखेल इतकं घट्ट धरलं. इतकी वर्षं या बाईनं मला कधी दुखवलं नव्हतं. "खाली बस," ती म्हणाली. "सांगून तू मोकळी होशील. पण टून परत येईल म्हणून वाट बघणारा तो म्हातारा काय करील? त्याला तेवढंच उरलंय."

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी गप्प राहा म्हटल्यावर गप्प राहिले. तीन वर्षं मी जे ओझं उतरवायची संधी शोधत होते, ते आता कायमचं माझंच झालं होतं, आणि ते माझंच असायला हवं होतं.

"मंजूषा?" विमनं पेन उचललं. "तुझ्या मते टून का थांबला?"

आजोबा माझ्याकडे बघत होते. रीत खिडकीबाहेर बघत होती.

"थकला असेल," मी म्हटलं. "विश्रांती झाली की येईल."

आजोबांनी खूश होऊन टेबलावर मूठ आपटली. विमनं मान डोलावली. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार," तो लिहून घेत म्हणाला. "तू कधी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीस."