एका गड्याच्या एकशे पासष्ट मुठी

दचकू नका, मी फळा बोलतोय. मुरबाडकडच्या एका गावातल्या शाळेत, दहावीच्या वर्गात माझा जन्म गेला. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं मिरवलं. आज जरा माझं ऐका.

लखमा सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं. माझ्यासमोर किती पोरं थरथरली म्हणून सांगू! उत्तर येत असलं की अक्षर मोठं, येत नसलं की मुंगीएवढं. भगीरथ सरांचं अक्षर मात्र कायम एकसारखं. गणित शिकवावं तर त्यांनीच.

समीकरणांना पोरं घाबरायची, म्हणून सर थेट शेतात शिरत. राबातली भाताची रोपं लावणीसाठी उपटून मुठी बांधतात ना, त्याचंच गणित. तीन बाया आणि दोन गडी मिळून नव्वद मुठी बांधतात. तीन बाया आणि एक गडी मिळून पंच्याहत्तर. सर म्हणत, "वरच्यातून खालचं वजा करा. बायांचा लोप झाला, उरला एक गडी. त्याच्या मुठी पंधरा!" मग बाईच्या निघायच्या वीस. मुली फिदीफिदी हसायच्या, मुलांच्या माना खाली. दरवर्षी हा तमाशा मी पोटभर बघितला. काय दिवस होते ते!

यंदा कुणाली दहावीला गणितात गेली. बापानं बजावलं, "फेरपरीक्षेत सुटलीस तर शहापूरला कालेजात. नाय तर आत्याबरोबर भिवंडीला गोदामात." शाळा सुटल्यावर सर तिला शिकवू लागले. तिनं तेच गणित सोडवलं आणि एका गड्याच्या मुठी आल्या एकशे पासष्ट!

"गडी आहे का राक्षस?" सर म्हणाले. मग त्यांनी नीट पाहिलं. वजा करताना तिनं सगळी चिन्हं बदलली होती, फक्त शेवटचे पंच्याहत्तर तसेच ठेवले होते. प्रत्येक गणितात हेच.

"शेवटचं का सोडतेस गो?"

कुणाली ओशाळली. "आमच्यात राबातली शेवटची मूठ कोण उपटत नाय, सर. देवाची असते. हात तिथंच थांबतो."

सर हसले नाहीत. म्हणाले, "ती रीत शेतात पाळ. इथं देवाचं काही ठेवायचं नाही. शेवटपर्यंत चिन्ह बदल."

या पावसाळ्यात तिनं मला रोज पांढरं केलं. मी कधी कुणासाठी नवस केला नव्हता, तिच्यासाठी केला.

निकालाआधीच वर्गात मोठा चकचकीत विजेचा पडदा आला आणि मला भिंतीवरून उतरवलं. खिचडी रांधणाऱ्या धोंडूबाईनं मला शाळेबाहेर रस्त्याकडेला चार विटांवर आडवं टाकलं. आता मी बाक. वाईट वाटलं, का नाही वाटणार?

परवा सकाळी कुणीतरी येऊन धपकन बसलं. मांडीवर पिशवी, अंगात नवा पांढरा ड्रेस.

"मावशी, सुटले गो मी! शहापूरला निघालेय. जीपची वाट बघतेय."

कुणाली! आपण कुणावर बसलोय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. जीपचा हॉर्न वाजला तशी ती पळाली.

"अगो, मागं काळं लागलंय बघ!" धोंडूबाई ओरडली. रात्रीच्या पावसानं माझा रंग सुटला होता.

"ऱ्हाऊ दे!" म्हणत ती जीपमध्ये चढलीसुद्धा.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. थोडासा मीही कालेजात गेलोय.