तोकिएची तपासणी

आतड्याच्या तपासणीचं पाकीट नगरपालिकेकडून दर शरदात यायचं आणि योशिमासा ते न उघडताच रद्दीत टाकायचा. या वर्षी त्याच्या बायकोनं, तोकिएनं, ते रद्दीतून काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याचा थोरला भाऊ मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेला होता. कळलं तेव्हा रोग यकृतापर्यंत पोचलेला होता.

"मला काही त्रास नाहीये," योशिमासा म्हणाला.

"भावोजींना तरी कुठं होता?"

त्यानं अट घातली, तू केलीस तर मीही करतो. तोकिए जरा वरमली. त्रेसष्ट वर्षांची झाली तरी तिनं स्वतः कधी तपासणी केली नव्हती. मग दोन दिवस दोघांनीही काडीनं शौचाचा नमुना घेतला, नळ्यांत भरला आणि नेऊन दिला. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढंच करायचं राहिलं होतं, म्हणून योशिमासानं तिला चिडवून घेतलं.

नोव्हेंबरात पत्रं आली. त्याचं सगळं ठीक होतं. तिच्या नमुन्यात रक्ताचा अंश निघाला होता. दुर्बिणीनं तपासून घ्या, असं लिहिलं होतं.

मूळव्याध असणार, तोकिए म्हणाली, मुलाच्या बाळंतपणापासूनची आहे. शिवाय लोणच्याचे मुळे नुकतेच धुरीला टांगले होते. चार दिवस विस्तव सांभाळायचा, मग मीठ आणि कोंडा लावून पिंपं भरायची. नव्या वर्षात बघू. नगरपालिकेच्या नर्सबाईंचा फोन आला, त्यांनाही तिनं हेच सांगितलं.

योशिमासानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन तो परस्पर तिच्यासाठी तारीख घेऊन आला.

"मुळ्यांकडे मी बघतो."

"तुम्हाला धूर किती ठेवायचा तेसुद्धा कळत नाही."

"नाही कळत. जातील काळे पडून." त्यानं तारखेची चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. "दादाच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा मीच म्हणालो होतो, आधी भाताची कापणी उरकू, मग जाऊ."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तोकिएनं तारीख कॅलेंडरवर लिहिली.

आदल्या दिवशी तिनं नुसती पेज घेतली. सकाळी दोन लिटर खारट औषध ढोसलं आणि संडासाच्या इतक्या फेऱ्या मारल्या, की तपासणीपेक्षा तेच जास्त जड गेलं. पडद्यावर तिला स्वतःचं आतडं दिसलं, आणि त्यात देठावरच्या चेरीसारखी एक लाल गाठ. डॉक्टरांनी ती तिथंच कापून काढली.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. गाठीच्या टोकाला कॅन्सर होता, पण अगदी वरच्या थरात. तो पूर्ण निघाला होता. ऑपरेशनची गरज नव्हती, फक्त वर्षानं पुन्हा तपासायचं. मग मला काहीच कसं जाणवलं नाही, असं तिनं विचारलं. या टप्प्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही, डॉक्टर म्हणाले, म्हणून तर दुखण्याची वाट न बघता तपासायचं. मुलालाही तपासून घ्यायला सांगा, असंही ते म्हणाले.

मुलगा सेंदाईला राहायचा, एकेचाळीस वर्षांचा. तिनं घरी आल्या आल्या त्याला फोन लावला. कामं संपली की बघतो, तो म्हणाला.

"बरं. मग शुक्रवारी मी येतेच तिकडे. तुझी तपासणी होईपर्यंत राहीन."

फोन चालू असतानाच मुलानं दवाखान्याचा नंबर शोधायला घेतला.