सतरा अडीचके

"गुर्जी, आमचे तुळशीचा नाव बी धाडा फायनलचे परीक्षेला," कोंडाजी शाळेच्या पायरीखाली उभा राहून म्हणाला.

"अरे, नापास होऊन रडेल बिचारी," गुरुजी म्हणाले. "बरं, उद्या शाळा तपासायला दिपोटी येतायत. त्यांच्यासमोर तोंड उघडलं, तर घालतो नाव."

स्वराज्य येऊन सात वर्षं झाली होती, पण बदलापूरच्या त्या सातवीच्या वर्गात बस्करं होती तिथंच होती. कचेरीतल्या साहेबांची मुलं पुढे, मांजर्लीच्या शेतकऱ्यांची मागे. 'पुढची पुस्तकाची, मागची कामाची,' असं गुरुजी हसत म्हणायचे. गुरुजी वाईट नव्हते. वाईट असते तर बरं होतं, निदान राग तरी धरता आला असता. तुळशीला तर ते देवासारखे वाटायचे.

दुसऱ्या दिवशी दिपोटींनी पुढच्या मालिनीला विचारलं, "सतरा अडीचके?"

मालिनी अडखळली. "आठव बाळ, येतंय तुला," गुरुजी म्हणाले आणि शांतपणे थांबले. तरी तिला आठवेना. मग दिपोटींचं बोट मागे वळलं.

"तू सांग."

साडेबेचाळीस! तुळशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. एवढ्यात गुरुजी लगबगीनं पुढे झाले. "साहेब, ती शेतकऱ्याची मुलगी. तिला नाही यायचं. उगाच घाबरेल."

दिपोटी भला माणूस होता. "तिलाच सांगू द्या की. काय गं, येतं का?"

तुळशीनं गुरुजींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तिच्याविषयी नुसती माया होती.

"नाय," ती म्हणाली.

गुरुजींनी सुटकेचा निःश्वास सोडला.

घरी कोंडाजी धुतलेला सदरा घालून तयारच होता, गुरुजींकडे जायला. बनूबाईनं लेकीला जवळ ओढलं. "सायबानं इचारला का गं?"

"इचारला."

"मंग? नाय आला?"

"येत व्हता, आये."

"मंग बोल्ली का नाय, मेले?"

तुळशी खाली मान घालून म्हणाली, "गुर्जी बोल्ले, हिला येत नाय. मी सांगला असता तं सायबासमोर गुर्जी खोटे परले असते."

बनूबाईनं कपाळाला हात लावला. कोंडाजीनं मात्र सावकाश सदरा काढला आणि खुंटीला अडकवला. मग लेकीजवळ येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "बराबर केलास, पोरी."

तोवर कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली तुळशी तेव्हा कुठे हुंदके देऊन रडायला लागली.