वगळायची डिरेक्टरी

क्षितिजा नागपूरहून कंपनीत येऊन जेमतेम आठ महिने झाले होते आणि हॅम्बर्गला जायला तिचं नाव लागलं. दीपमाला त्याच कंपनीत तीन वर्षं राबत होती. घोटावड्यातून हिंजवडीच्या आयटी कंपनीत लागलेली वस्तीतली ती पहिलीच मुलगी, त्यामुळे गावात तिचं कोण कौतुक! पण ऑफिसात काहीही अडलं की टीमचे प्रमुख नरहरी सर हल्ली म्हणायचे, "क्षितिजाला विचारा." ते ऐकलं की दीपमालाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. क्षितिजाचं मोकळं हसणं, मारुंजीच्या भाड्याच्या फ्लॅटवरून स्कूटीवर भुर्रकन येणं, काही म्हणता काही तिला बघवत नसे.

गुरुवारी संध्याकाळी क्षितिजा दीपमालाच्या टेबलाशी आली.

"दीपा, एवढी स्क्रिप्ट बघतेस का? उद्या क्लायंटच्या सर्व्हरवर चालवायचीय."

काम साधं होतं. 'फाइंड' कमांडनं सगळीकडं शोधून जुन्या फायली पुसायच्या. फक्त 'क्लेम्स' नावाच्या डिरेक्टरीला, म्हणजे फायलींच्या कप्प्याला, हात लावायचा नाही, कारण विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तिथं होती.

दीपमालाला चूक चटकन दिसली. स्क्रिप्टमध्ये शोध टिंबापासून, म्हणजे आपण असू त्याच डिरेक्टरीपासून, सुरू होत होता. अशा वेळी फाइंडला सापडणाऱ्या प्रत्येक पत्त्यापुढं टिंब आणि तिरकी रेघ लागते. क्षितिजानं वगळायच्या पत्त्याच्या जागी नुसतं 'क्लेम्स' लिहिलं होतं. ते कशाशीच जुळणार नव्हतं. डिरेक्टरी वगळली जाणार नव्हती, आतले जुने दावेही पुसले जाणार होते.

"ठीक वाटतंय," दीपमाला म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

घरी तिला भाकरी गोड लागेना. आई, फुलाबाई, बघत होती.

"कुणाशी भांडलीस व्हय?"

"न्हाई. त्या नागपूरच्या पोरीला परदेशी धाडत्यात."

"मग जाऊ दे की. तुजा घास काढून न्हेतीया का ती?"

"माजाच हाय त्यो घास!" दीपमाला ताडकन बोलली आणि ताट सारून उठली.

दावे पुसले जावेत असं तिला वाटत नव्हतं. चूक सांगायचीच होती. पण चारचौघांत, सरांच्या देखत.

शुक्रवारी मीटिंगमध्ये क्षितिजानं "काल दीपानं तपासलीय" म्हणत स्क्रिप्ट पडद्यावर लावली. दीपमालानं तिला दोन ओळी वाचू दिल्या आणि मग म्हणाली, "सर, हे चाललं तर क्लेम्स पुसले जातील." कारणही सांगितलं. क्षितिजाचा चेहरा लालबुंद झाला. दीपमालाला थंडगार पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

"पण तू काल तपासलीस ना?" नरहरी सरांनी विचारलं.

दीपमाला समोरच्या वहीत बघू लागली.

"सर, मी घाईत दाखवली," क्षितिजाच बोलली. "तिची बस सुटत होती. चूक माझीच."

तिनं तिथंच टिंब आणि रेघ घातली, रिकाम्या फायलींवर चाचणी घेऊन दाखवली. सरांनी दोघींनाही शाबासकी दिली. हॅम्बर्गचं नाव काही बदललं नाही.

दुपारी कँटीनमध्ये क्षितिजा समोर येऊन बसली.

"तुला कालच दिसलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"सगळ्यांसमोर सांगायचं होतं."

क्षितिजानं चमचा खाली ठेवला. "तीन वर्षं थांबून मलाही असंच वाटलं असतं," ती म्हणाली. "पण मी बहुतेक सांगितलं असतं गं."

ती भांडली असती तर दीपमालानं तोडीस तोड उत्तर दिलं असतं. ही बाई चूक करूनही खाली पडत नव्हती, वर समजूनही घेत होती. हॅम्बर्गपेक्षा दीपमालाला आता या मोठेपणाचाच हेवा वाटला, आणि तो जास्त झोंबला. तिला "चुकलं माझं" म्हणायचं होतं. ते ओठांवर येईतो क्षितिजा ताट घेऊन उठलीसुद्धा.