मार्लिसचं हिरवं

आर्लन टोरकेल्सनने दिवाणखान्याची भिंत फोडायला घेतली तेव्हा त्याची बायको मार्लिस समोर खुर्चीत बसून सूचना देत होती. पक्षाघातानंतर तिचा डावा पाय तिचं ऐकेनासा झाला होता. जीभ मात्र पहिल्यासारखीच चालत होती.

"वरचा भार कशावर आहे ते बघितलंस ना? छप्पर कोसळलं तर मला पळता यायचं नाही, सांगून ठेवते."

"कोसळलं तर आधी माझ्या डोक्यावर कोसळेल."

"तिथे काही फुटण्यासारखं नाही."

आर्लन हसला आणि त्याने हातोडा उचलला. एक्केचाळीस वर्षं शेबॉयगन गावात नळजोडणीचं काम केलेला माणूस. अर्ध्या गावाच्या भिंती त्याने आतून बघितलेल्या, स्वतःच्या घराची फोडायची वेळ आता आली होती.

कारण तळघरात होतं. तिथल्या छोट्या खाऱ्या टाकीत मार्लिसचं प्रवाळ बावीस वर्षं वाढत होतं. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून सुरुवात झाली आणि आता त्याला चाळीसेक तोंडं होती. प्रत्येक तोंडातून हिरवीगार बोटं बाहेर येऊन पाण्यात डोलायची. गावातल्या हौशी मंडळात त्याला नावच पडलं होतं, 'मार्लिसचं हिरवं'. पण तळघराला चौदा पायऱ्या, आणि ऑक्टोबरपासून ती एकही उतरू शकली नव्हती. आर्लन रोज फोनवर फोटो काढून आणायचा. ती बघायची, "बरं दिसतंय," म्हणायची आणि फोन उलटा ठेवायची. तो उलटा ठेवलेला फोन आर्लनला बघवेना.

म्हणून भिंत. दिवाणखाना आणि शिवणाची खोली यांच्यामध्ये आठ फूट लांब काचेची टाकी बसवायची. काच दिवाणखान्याकडे, पंप-नळ्यांचा सगळा पसारा शिवणाच्या खोलीकडे. तळघरात लोखंडी टेकू ठोकून जमीन पक्की केली. मार्चमध्ये मंडळातल्या बारा जणांनी ती काच बर्फावरून पाय घसरत, एकमेकांना शिव्या देत आत आणली. आर्लनने त्यांना सॉसेज भाजून घातले आणि वर बिअर. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी आमच्याकडे तळलेले मासे लागतातच, तेव्हा कुणीतरी त्यांचीही मागणी केली. "टाकीसमोर बसून मासे खाल? लाज नाही?" मार्लिस म्हणाली आणि स्वतःच दोन तुकडे घेतले.

हे मंडळ महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या तळघरात जमतं. आपलं प्रवाळ फोफावलं की त्याचं एक तोंड कापून, प्लास्टिकच्या पेल्यात घालून दुसऱ्याला द्यायचं, ही तिथली रीत. मार्लिसने तर वर्षानुवर्षं दोन्ही हातांनी वाटलं होतं. आर्लनला ते पटायचं नाही.

"बावीस वर्षांत एकाने तरी परत आणून दिलं का?"

"माझं मेलंय कुठे, परत आणून द्यायला?"

त्यातून गॉर्डी झास्ट्रोचं नाव निघालं की आर्लनला चेवच यायचा. चीजच्या कारखान्यात काम करणारा हा लाजाळू माणूस. मार्लिसने त्याला दोनदा हिरवं दिलं आणि दोन्ही वेळा ते महिन्याभरात मेलं. ती तिसरा पेला भरू लागली तेव्हा आर्लनने चारचौघांत झाकण लावून पेला मागे ओढला. "याच्या टाकीत दगडसुद्धा मरेल. हा मारेकरी आहे, मारेकरी!" सगळे हसले. गॉर्डीही हसला.

तर टाकी उभी राहिली. खाऱ्या पाण्याच्या नळ्या आर्लनने दातओठ खाऊन का होईना, प्लास्टिकच्या टाकल्या, कारण खाऱ्या पाण्याला तांबं चालत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण प्लास्टिकची नळी म्हणजे त्याच्या लेखी आळशी माणसाची सोय. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, ते भरून काढायला तळघरातल्या गाळणीतून शुद्ध गोडं पाणी वर आणायचं होतं. तिथे त्याने हौस भागवून घेतली. तांब्याची नळी, आरशासारखी घासलेली, प्रत्येक जोड डाग देऊन पक्का.

"तांबं?" मार्लिसने विचारलं.

"गोडं पाणी आहे गं हे. आपण पितो ते पाणी तांब्यातूनच येतं की. चाळीस वर्षं काय झोपा काढल्या मी?"

नळजोडणीत आर्लनच्या शब्दापुढे गावात कुणाचा शब्द नव्हता.

मे महिन्यात त्याने हिरवं वर आणलं. बोटं उघडली तेव्हा मार्लिसने त्याची बाही घट्ट धरली आणि बराच वेळ सोडली नाही. पुढचे दहा दिवस ती सकाळची कॉफी टाकीसमोरच प्यायली. आर्लनला वाटलं, आता देवाकडे मागण्यासारखं काही उरलं नाही.

अकराव्या दिवशी टाकीतल्या गोगलगाई उताण्या पडल्या. मग कोळंबी दिसेनाशी झाली. मासे खुशाल पोहत होते, पण हिरवं आखडू लागलं, एकेक तोंड मिटत गेलं. आर्लनने पाणी बदललं, पुन्हा बदललं. बदलायचं पाणीही त्याच नळीतून यायचं, मग त्यात मीठ मिसळायचं. जितकं बदलावं तितकं बिघडत गेलं. तीन आठवड्यांत पांढरा सांगाडा तेवढा उरला.

मार्लिस रडली नाही. "गॉर्डीला बोलाव," म्हणाली.

"गॉर्डीला? त्या...?"

"त्याचं दोनदा मेलंय. कसं मरतं ते त्यालाच माहीत."

गॉर्डी आला. दारात बूट काढले, ताज्या चीजच्या तुकड्यांची पिशवी मार्लिसच्या हातात दिली, टाकीकडे बघितलं आणि मग शिवणाच्या खोलीत गेला. ती चकाकती नळी दिसताच तो पालथ्या बादलीवर मटकन बसला.

"आर्लन, ही..."

"गोड्या पाण्याची आहे ती. खाऱ्याला हातही लागत नाही तिचा."

"गाळून गाळून इतकं शुद्ध केलेलं पाणी भुकेलं असतं. तांबं खातं आणि घेऊन जातं. मासे सोसतात थोडं. प्रवाळ नाही सोसत."

"तुला कोणी सांगितलं?"

गॉर्डी आपल्या मोज्यांकडे बघत राहिला. "माझ्याकडे तशीच होती."

आर्लनला आठवलं. पाच वर्षांपूर्वीचा जानेवारी, हाडं गोठवणारी थंडी, गॉर्डीचं तळघर, दुखरा गुडघा टेकून त्याने स्वतः जोडलेली नळी. मदत म्हणून, फुकट. जोड कसा झकास बसलाय ते त्याने गॉर्डीला दोनदा दाखवलंही होतं.

"कधी कळलं तुला?"

"दुसरं मेलं तेव्हा. पाणी तपासून घेतलं, नळी काढून टाकली."

"अरे, मग बोलला का नाहीस? मी तुला लोकांसमोर मारेकरी म्हणत होतो!"

"तसल्या थंडीत आलास, दिवसभर राबलास, काही घेतलं नाहीस. त्या माणसाला काय सांगू, की तुझं काम चुकलं?"

आमच्याकडची ही जुनी खोड. शेजारणीने आणलेल्या पदार्थात केस निघाला तर माणूस तो गुपचूप खिशात घालेल आणि वर आणखी वाढून घेईल. गॉर्डीने तर त्याची हद्दच केली होती. आता मात्र त्याचे डोळे भरून आले. "पण तेव्हा मी तोंड उघडलं असतं, तर मार्लिसचं हिरवं आज..."

आर्लनला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं या माणसाने त्याची अब्रू झाकली होती आणि बदल्यात शिव्या खाल्ल्या होत्या. आर्लन बाहेर मार्लिसपाशी गेला, गुडघा टेकून बसला. "मी मारलं गं. गॉर्डीची दोन्हीसुद्धा मीच मारली."

सगळं ऐकून घेऊन मार्लिस म्हणाली, "एकाचं तोंड बंद होत नाही, दुसऱ्याचं उघडत नाही. काय जोडी जमलीये!" मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "नळी काढा आधी."

दोघांनी मिळून काढली. दगड, वाळू, पाणी, सगळं नवं घातलं. आर्लनने आपल्या हाताने प्लास्टिकची नळी टाकली, तेही निमूटपणे. महिन्याने सोडलेल्या गोगलगाई काचेवर चढल्या आणि टिकल्या.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मंडळ वाचनालयात जमलं नाही. ते आर्लनच्या दारात आलं, जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एकेक पेला. मंडळातल्या बेव्हचा पेला सर्वांत मोठा, त्यात पाच तोंडांचा तुकडा. प्रत्येक घरच्या उजेडात वाढून मार्लिसनेच दिलेलं हिरवं कुठे पोपटी झालं होतं, कुठे काळपट. मार्लिस एकेक पेला डोळ्यांजवळ धरून ओळखत होती. "बेव्ह, हे तुझ्या लेकीच्या लग्नाच्या वर्षीचं ना?" आर्लन दाराला टेकून उभा राहिला. बायको एवढी वर्षं काय करत होती ते त्याला आज कळलं, आणि तिच्याबद्दल, या सगळ्यांबद्दल त्याचं मन भरून आलं.

गॉर्डी सगळ्यांच्या मागे होता, हातात नुसती चीजची पिशवी.

आर्लनने बेव्हला तिच्या तुकड्यातलं एक तोंड कापू का विचारलं, तिने होकारार्थी मान हलवली. त्याने बारीक करवत आणली. हजारो जोड जोडलेल्या हाताने त्याने सावकाश कापलं. पाचांतलं एक तोंड त्याने पेल्यात घातलं, झाकण लावलं आणि तो गॉर्डीसमोर जाऊन उभा राहिला.

"तिसरं. माझ्यामुळे राहिलेलं."

"अरे, आधी तुमच्या टाकीत तर जाऊ दे!"

"आमचं मेलं तर तुझ्याकडूनच आणायचंय. घे. आणि यापुढे माझ्या कामात खोट दिसली तर तोंडावर सांगायची. कबूल?"

गॉर्डीने पेला घेतला. त्याच्याकडे बघितलं, आर्लनकडे बघितलं. कान लाल झाले.

"आर्लन," तो हळूच म्हणाला, "झाकण उलटं लावलंयस."

मार्लिस खुर्चीत खदखदून हसली. आर्लनने पेला परत घेतला, झाकण काढलं, सरळ लावलं आणि म्हणाला, "आभारी आहे, गॉर्डी."