बिनसाखरेचा धोंडा

जावई माणसाने जेवताना ताटाकडे बघावं. आमचे पितांबरराव माझ्याकडे बघतात. मी पाठ फिरवली की त्यांचा हात डब्याकडे जातो, मी वळले की तोच हात मिशीवर येतो. पंचेचाळिशीचा माणूस, धुळ्याच्या कचेरीत हेडकारकून, चार माणसं समोर हात जोडून उभी राहतात. आणि इथे सासूच्या घरी मांजराची चाल.

त्यांना साखरेचा आजार. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती तीन महिने भरेना. डॉक्टर म्हणाला, लघवीतली साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल. माझ्या सुगंधाने पत्रात एवढंच लिहिलं, "आई, धोंड्याले बोलाव, पण गोड करू नको." मला वाचायला वेळ लागतो. पण अक्षरं कुठे पाण्याने फुटली आहेत ते लगेच दिसतं.

आता अधिक महिन्यात जावयाला धोंड्याला बोलवायचं आणि गोड करायचं नाही, याला काय म्हणावं? अनारसे बंद, पुरणाचे धोंडे बंद. त्यात लढाईमुळे साखर रेशनवर. शेजारच्या वच्छलाबाईने ओट्यावरूनच विचारलं, "काय व, जावयाले यंदा भाकरच का? रेशनचं बरं निमित्त सापडलं तुले."

माझ्या दारातून जावई कोरड्या तोंडाने गेला नाही आणि जाणार नाही. मी माळ्यावरून आइस्क्रीमचा पॉट काढला. भुसावळचा एक गोरा रेल्वेसाहेब बदलून गेला तेव्हा आमच्या ह्यांनी तो विकत घेतला होता. लाकडाची बादली, आत उभा डबा, वर फिरवायचा दांडा. सकाळच्या गाडीने भुशात बांधलेला बर्फ ठेसनावर यायचा. आमचा सालदार गडी सुपडू तो गोणपाटात घालून मोगरीने फोडायचा. डब्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ. डब्यात म्हशीचं आटवलेलं दूध, वेलची, आणि आमच्या मळ्यातली बसराई केळी, सालीवर काळे ठिपके आलेली, हाताने कुस्करून. साखरेचा कण नाही, गुळाचा खडा नाही.

नवऱ्याबरोबर आलेल्या सुगंधाने विचारलं होतं, "आई, केळं गोड नसतं का?"

"केळं काय गोड? केळं आपण भाकरीसंगं खातो. गोड म्हणजे साखर आणि गूळ."

पितांबररावांनी गंभीर तोंडाने मान हलवली. "मामींचं म्हणणं बरोबर आहे."

पहिल्या दिवशी चार वाट्या संपवल्या. दुसऱ्या दिवसापासून दांडा स्वतःच फिरवायला बसले. तेवढीच अंगाला मेहनत, म्हणे. मेहनत झाली की आतल्या पात्याला लागलेलं खरवडून खायचे. मी वच्छलाबाईलाही मुद्दाम वाटीभर पाठवलं. ती वाटी परत घेऊन आली. "साखर कुठून आणली व?"

"एक कण नाही टाकला."

"मग माझ्या जिभेले काय झालं?"

जळते मेली, म्हटलं, आणि दोन दिवस त्या जळण्यावर खूष राहिले.

आमच्या गोठ्यामागे एक काळा दगड आहे, पुरुषमाणसं तिथे लघवीला जातात. साखरेच्या माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे मला माझ्या आजेसासूने शिकवलं. जावई आले तेव्हा तिथे दहा-वीस मुंग्या होत्या. पाचव्या दिवशी दगडच दिसेना. अंगठाही काळपट दिसायला लागला. सुगंधा पट्टी बांधायची तेव्हा एक शब्द बोलायची नाही.

हा माणूस चोरून खातो, एवढं ठरलं. गुळाचं मडकं मी माळ्यावर चढवलं, साखरेच्या कपाटाची किल्ली कमरेला लावली. जावयाची ट्रंक उघडून बघितली. तिथे धोतरं आणि औषधाची भरलेली बाटली. वच्छलाबाईशी भांडून आले, कुंपणावरून काही देत असेल म्हणून. सुपडूला त्यांच्या मागे लावला. त्याने संध्याकाळी येऊन सांगितलं, "अक्का, पाव्हने कुठीच जात नाही. दिवसभर पॉटापाशीच राह्यतात."

सातव्या दिवशी दुपारी पॉट धुवायला बाहेर काढला होता. मी वळून बघते तर पात्यावर मुंग्या. डब्याच्या काठावर मुंग्या. दगडावर होत्या तशाच, ओळीने, घाई नाही.

मी तिथेच उभी राहिले. कमरेची किल्ली चाचपली. होती जागेवर. मुंग्यांनी माझी किल्लीही विचारली नव्हती आणि वच्छलाबाईची जीभही.

आत जाऊन म्हटलं, "डॉक्टरची चिठ्ठी दाखवा."

पितांबरराव खोकले. मग कोटाच्या आतल्या खिशातून कागद निघाला. मी बोट ठेवून वाचला, काय काय खायचं नाही ते. साखर लावून लावून वाचली, गूळ लावून वाचला. तिसरा शब्द मात्र लावावा लागला नाही. आमच्या वखारीच्या पाटीवर तो हातभर अक्षरात लिहिला आहे. केळी.

"तुम्हाले ठाऊक होतं," सुगंधा म्हणाली. सात दिवसांत नवऱ्याशी पहिल्यांदा बोलली.

"मामीच म्हणाल्या ना, केळं गोड नसतं. वडीलधाऱ्यांचा शब्द खाली कसा पडू द्यायचा?"

त्यांच्या पुढ्यात वाटी होती. मी ती उचलली, सुपडूच्या हातात दिली, आणि वच्छलाबाई कुंपणाआड उभी होती तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"पितांबरराव, चूक माझी. चाळीस वर्षं केळीच्या बागेत राहून मले केळं कळलं नाही. कुंपणापलीकडच्यांनीही ऐकून घ्या, पुन्हा सांगणार नाही. पण मी न कळता घातलं. तुम्ही चिठ्ठी खिशात ठेवून खाल्लं, आणि माझी पोर पट्टी बांधताना तिच्या तोंडाकडे बघत बसलात. उद्यापासून पॉटात नुसतं दूध आणि वेलची. दांडा तुम्हीच फिरवायचा, खायचंही तुम्हीच, आणि कोणी चव विचारली तर गोड हाये म्हणून सांगायचं. औषधाची बाटली माझ्यापुढे संपवायची. दगडावरून मुंग्या उठतील त्या दिवशी तुमची धुळ्याची गाडी. तोवर कचेरीची काळजी करू नका. ती तुम्ही असतानाही तुमच्यावाचूनच चालत होती."